निथळणीची पातळी : घरगुती ब्रूइंगमधील पंपांच्या स्वयंचलनाच्या प्रकल्प नोंदी

८ जानेवारी

घरी बिअर बनवण्याच्या, तीन भांड्यांच्या (गरम पाण्याची टाकी, मॅशचे भांडे आणि उकळीचे भांडे) माझ्या मांडणीत दोन्ही पंप आजवर हातानेच चालूबंद केले जात आहेत. स्पार्जच्या वेळी, म्हणजे मॅशमधील, गरम पाण्यात भिजवलेल्या माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या) थरातून गरम पाणी सोडून उरलेली साखर धुऊन घेण्याच्या वेळी, जवळजवळ तासभर एक हात गरम पाण्याच्या कॉकवर आणि दुसरा वर्टच्या (माल्टमधून निघणाऱ्या गोड द्रवाच्या) कॉकवर ठेवून उभे राहावे लागते. या प्रकल्पाचा हेतू एकच ठरवला आहे : निथळणी, म्हणजे थरातून वर्ट खाली काढून घेणे, चालू असेपर्यंत माल्टच्या थरावर ४ सेंटिमीटर पाणी कायम राहावे आणि ते राखायला माणूस लागू नये. उकळीचे भांडे ठरावीक मापापर्यंत भरणे, गरम पाण्याच्या टाकीतील हीटरला संरक्षण देणे ही कामे याच मोजमापातून पुढे करता येतील.

पाण्याच्या या थराला एवढे महत्त्व का, ते येथे नोंदवून ठेवतो. भरडलेल्या माल्टचा थर पाण्यात अर्धवट तरंगत असतो आणि त्याची फोलपटेच गाळणीचे काम करतात. पाणी थराच्या खाली गेले की तरंगण्याचा आधार जातो, थर स्वतःच्या वजनाने दबतो, त्याला भेगा पडतात आणि त्यानंतर ओतलेले पाणी त्या भेगांतूनच खाली पळते, त्यामुळे बाजूच्या माल्टमधील साखर जागीच राहते. उलट पाणी फार साचले तर ते वरच्या दाट वर्टमध्ये मिसळत राहते आणि खालून ढकलत जाणारी स्वच्छ सीमारेषा पुसली जाते.

मापे अशी आहेत. तिन्ही भांडी सरळ भिंतींची, आतून ४० सेंटिमीटर व्यासाची आणि ४० सेंटिमीटर उंचीची आहेत, म्हणजे तळाचे क्षेत्रफळ १२५७ चौरस सेंटिमीटर आणि एक सेंटिमीटर उंचीमागे साधारण १.२६ लिटर द्रव. एका खेपेला ५ किलो माल्ट व १५ लिटर मॅशचे पाणी घेतो, त्यातील सुमारे ५ लिटर माल्टच शोषून ठेवते आणि उकळीपूर्वी २५ लिटर वर्ट हवे असते, त्यामुळे स्पार्जला आणखी १५ लिटर लागते. ही २५ लिटरची निथळणी ५० मिनिटांत व्हावी असे धरले तर प्रवाह मिनिटाला अर्धा लिटर येतो. या गतीने एक सेंटिमीटर पातळी बदलायला अडीच मिनिटे लागतात. प्रक्रिया इतकी संथ आहे ही मोठी सोय आहे, कारण नियंत्रकाला चपळाईची गरज नाही, गरज आहे ती विश्वासार्ह मापाची.

१४ जानेवारी

पहिला प्रयोग ध्वनिलहरींच्या सेन्सरवर केला, कारण त्याला द्रवाचा स्पर्श होत नाही आणि धुण्याचा प्रश्न उरत नाही. थंड पाण्यावर मोजमाप उत्तम आले, परंतु गरम पाण्यावर ते कामाचे राहिले नाही. हवेतील ध्वनीचा वेग २० अंश सेल्सिअसला सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो, ७७ अंशांना तो ३७५ च्या आसपास जातो, म्हणजे नऊ-दहा टक्के फरक. भांड्याच्या तोंडाशी हवेचे तापमान खालून वर बदलत जाते, त्यामुळे तापमान मोजून दुरुस्ती करण्याचाही भरवसा वाटला नाही. शेवटी वाफेचे थेंब सेन्सरच्या जाळीवर साचले आणि आकडा ३ सेंटिमीटरवर अडकून बसला. हा मार्ग सोडला.

भांड्यांखाली वजनकाटा ठेवण्याचाही विचार केला होता. पण भांड्यांना जोडलेल्या जाड नळ्या तापल्यावर ताठरतात, भांड्याला ओढतात आणि ती ओढ वजनात दिसते, म्हणून तो पर्याय कागदावरच राहिला.

२१ जानेवारी

दाबावरून पातळी काढण्याचे ठरवले. द्रवात उभी नळी बुडवायची, तिच्यातून हवा अगदी सावकाश सोडत राहायची आणि नळीतील हवेचा दाब मोजायचा. नळीच्या टोकावर द्रवाचा जेवढा स्तंभ आहे तेवढाच दाब हवेला बुडबुडा बाहेर काढण्यासाठी लागतो. हवा न सोडता नुसती बंद नळी ठेवली तर आतली हवा तापून प्रसरण पावते, थोडी गळते, थोडी विरघळते आणि आकडा सरकत राहतो. सतत वाहणाऱ्या हवेमुळे हे तिन्ही दोष जातात, शिवाय वाफ नळीत शिरून थंडावत नाही.

सेन्सर एमपीएक्स ५०१० डीपी हा घेतला आहे. तो ० ते १० किलोपास्कल दाब मोजतो आणि प्रत्येक किलोपास्कलला ४५० मिलिव्होल्ट देतो. एक सेंटिमीटर पाणी म्हणजे ९८ पास्कल, म्हणजे ४४ मिलिव्होल्ट. आर्डुइनो या छोट्या नियंत्रक बोर्डाच्या दहा बिटांच्या मापनात एक पायरी ४.९ मिलिव्होल्टची असते, ती पाण्याच्या १.१ मिलिमीटरइतकी भरते आणि आपल्याला ते पुरेसे आहे. सेन्सरचे निर्गमन पुरवठ्याच्या व्होल्टेजच्या प्रमाणात बदलते, म्हणून मापनाचा संदर्भही तोच ५ व्होल्टचा पुरवठा ठेवला, म्हणजे पंप सुरू होताना पुरवठा किंचित बसला तरी दोन्हीकडे सारखाच बसतो.

हवेसाठी मत्स्यपेटीचा लहान पंप आणि त्यापुढे बारीक चावी लावली आहे. सेन्सरची शाखा पंपाजवळून न काढता बुडत्या नळीच्या डोक्याजवळून काढली, कारण लांब नळीतून हवा वाहताना जो दाब खर्च होतो तो मापात मिसळू द्यायचा नाही. चावी एवढी बंद केली की सेकंदाला एकदोन बुडबुडे येतात.

येथे एक गोष्ट डोळ्यांनी पाहण्यासारखी होती. काचेच्या बरणीत नळी धरून पाहिले, तर सरळ कापलेल्या टोकावर बुडबुडा फुगत जातो, क्षणभर लोंबतो आणि सुटतो, आणि त्या तालावर आकडा पाच-सहा मिलिमीटर खालीवर होतो. पृष्ठताण ओलांडण्यासाठी हवेला जादा दाब लागतो त्याचा हा परिणाम आहे. टोकाला कानशीने इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच पाडली, तेव्हा बुडबुडे लहान होऊन त्या एकाच खाचेतून ओळीने निघू लागले आणि हेलकावा दोन मिलिमीटरवर आला. उरलेला हेलकावा दोन सेकंदांतील ६४ मापांची सरासरी घेऊन घालवला.

२२ जानेवारी

सेन्सरच्या माहितीपत्रकात पूर्ण पल्ल्याच्या ५ टक्क्यांपर्यंतची चूक ग्राह्य धरलेली आहे. १० किलोपास्कलच्या पाच टक्के म्हणजे पाण्याचे जवळजवळ ५ सेंटिमीटर, आणि मला राखायचे आहेत तेच मुळात ४. त्यामुळे प्रत्येक सेन्सर आपल्या भांड्यावर स्वतंत्रपणे जुळवणे अटळ होते. काट्यावर तोललेले पाणी पाच-पाच लिटर ओतत ३० लिटरपर्यंत गेलो. गणिताने लिटरमागे ३५.१ मिलिव्होल्ट यायला हवे होते, प्रत्यक्षात एका सेन्सरला ३४.६ आणि दुसऱ्याला ३५.८ आले. रेषा सरळ आहे, फक्त उतार व शून्य वेगळे आहेत, म्हणून दोनच आकडे साठवले की काम भागते.

नंतर तेच ३० लिटर पाणी ७७ अंशांपर्यंत तापवले. पाण्याची घनता तेथे ०.९७४ होते, म्हणजे पृष्ठभाग अडीच टक्क्यांहून अधिक वर चढतो आणि तो चढलेला दिसलाही, पण सेन्सरचा आकडा हलला नाही. हे बरोबरच आहे. सरळ भिंतींच्या भांड्यात तळावरचा दाब हा द्रवाच्या उंचीचा नव्हे तर वजनाचा हिशेब असतो. म्हणून प्रोग्राममधून लिटर हा शब्द काढून किलोग्रॅम घातला. उकळीच्या भांड्यात मला १.०४८ घनतेचे २५ लिटर वर्ट हवे असेल तर नियंत्रकाला २६.२ किलोग्रॅम सांगायचे. तेथे २५ हाच आकडा दिला असता, तर पंप सुमारे १.१५ लिटर आधी थांबला असता.

४ फेब्रुवारी

पंप दोन्ही चुंबकीय जोडाचे, अन्नयोग्य, एकदिश विजेवर चालणारे लहान पंप आहेत. असा पंप स्वतःहून पाणी ओढत नाही, म्हणून तो भांड्याच्या तोटीखाली बसवला आहे आणि कॉक फक्त निर्गम बाजूला ठेवला आहे. आगम बाजू आवळली की गरम द्रव पंपातच उकळू लागतो, पंप हवा धरल्यासारखा घरघरतो आणि पाणी उचलत नाही.

मॉसफेटमार्फत (इलेक्ट्रॉनिक स्विचमार्फत) वेग कमी करून मिनिटाला अर्धा लिटर मिळवण्याचा प्रयत्न केला. वेग हळूहळू वाढवत नेला तर एका मर्यादेपर्यंत थेंबही येत नाही, कारण पंप चढ चढू शकत नाही, आणि ती मर्यादा ओलांडताच एकदम लिटरभर प्रवाह सुरू होतो. त्यामुळे वेग स्थिर ठेवून वेळ बदलण्याची पद्धत स्वीकारली. निर्गम कॉकने प्रवाह मिनिटाला २ लिटरवर बांधला आणि दर ३० सेकंदांतील साडेसात सेकंद पंप चालवला, की सरासरी अर्धा लिटर होतो.

सायंकाळी नुसत्या पाण्यावर चाचणी घेताना मात्र पंप बंद असूनही मॅशच्या भांड्यातील पातळी वाढत राहिली. गरम पाण्याच्या टाकीत २४ सेंटिमीटर पाणी होते आणि मॅशच्या भांड्यात १२. पंपाचे पंखे पाणी अडवत नाहीत, त्यामुळे पंप थांबला तरी पाणी त्याच्यातून गुरुत्वाकर्षणाने वाहत राहते आणि दोन्ही पातळ्या सारख्या झाल्याशिवाय थांबत नाही.

५ फेब्रुवारी

वीजेवर चालणारा व्हॉल्व्ह लावणे हा एक उपाय होता, परंतु बिघडू शकणारा आणखी एक भाग वाढवण्यापेक्षा नळीची वाट बदलली. पंपाची निर्गम नळी टाकीच्या काठापेक्षा १० सेंटिमीटर वर नेऊन तेथून खाली वळवली आणि वळणाच्या माथ्यावर टी-जोड लावून त्याचे उभे तोंड उघडे ठेवले. पंप थांबताच माथ्यावर हवा शिरते आणि धार तुटते. चालू असताना त्या उघड्या तोंडातून पाणी उडू नये म्हणून त्यावर २० सेंटिमीटर उभी नळी चढवली आहे. दहा वेळा चालूबंद करून पाहिले, पंप थांबल्यावर नळीतील उरलेसुरले पाणीच काय ते खाली येते.

११ फेब्रुवारी

नियंत्रणाची रीत साधी ठेवली. वर्टचा पंप ठरलेल्या गतीने पुढे चालतो आणि गरम पाण्याचा पंप पातळी पाहून त्याच्या मागे जातो. पातळी ४ सेंटिमीटरला असेल तर ३० सेकंदांत साडेसात सेकंद, आणि प्रत्येक मिलिमीटरच्या तुटीमागे अर्धा सेकंद जास्त. नुसत्या पाण्यावर तीन तास चालवले, पातळी ३ मिलिमीटरपेक्षा अधिक हलली नाही.

मॉसफेटच्या गेटवर जमिनीला जोडणारा १० किलोओहमचा रोध आणि पंपाला उलटा डायोड लावला आहे. नियंत्रक सुरू होताना त्याची तोंडे काही क्षण अधांतरी असतात आणि त्या क्षणी पंप फिरता कामा नये. वॉचडॉगही चालू केला आहे, प्रोग्राम दोन सेकंद गप्प राहिला तर नियंत्रक पुन्हा सुरू होतो आणि पुन्हा सुरू झाल्यावर दोन्ही पंप बंदच असतात.

१८ फेब्रुवारी

हीटरचे संरक्षण प्रोग्रामवर सोपवलेले नाही. टाकीत हीटर तळापासून ८ सेंटिमीटरवर आहे, म्हणून १० सेंटिमीटरवर फ्लोट स्विच बसवून तो काँटॅक्टरच्या (हीटर चालूबंद करणाऱ्या विद्युत स्विचच्या) कॉइलच्या तारेतच ओवला. पाणी घटले, तार तुटली किंवा जोड सुटला, तिन्ही वेळा हीटर बंदच होतो. पुरवठ्याला ३० मिलिअँपिअरचे गळती संरक्षण आहे. फ्लोटवर पाण्याचा क्षार बसून तो अडकू शकतो, त्यामुळे प्रत्येक खेपेपूर्वी बोटाने तो खाली दाबून काँटॅक्टर सुटल्याचा आवाज ऐकायचा, असे तपासणीच्या कागदावर लिहून भिंतीला लावले.

२५ फेब्रुवारी

आज खऱ्या माल्टवर पहिली खेप केली. मॅश ६६ अंशांवर एक तास, स्पार्जचे पाणी ७७ अंशांवर. या खेपेत पातळीची नळी मी चाळणीच्या तळाखाली सोडली होती, कारण तेथे माल्टचे कण नळीत अडकणार नाहीत असे वाटले.

निथळणी सुरू होऊन दहा मिनिटांत माल्टवर ४ ऐवजी ६ सेंटिमीटर पाणी होते आणि पंधराव्या मिनिटाला ९, तरी पडद्यावरचा आकडा ४ वरच स्थिर होता. प्रथम सेन्सर बिघडल्याची शंका घेतली. वर्टचा पंप हाताने बंद केला, तर वरचे पाणी जागच्या जागी असताना पडद्यावरचा आकडा चढत चढत ९ वर जाऊन थांबला. पंप पुन्हा चालू केला आणि तो परत ४ वर उतरला. हे तीन वेळा करून पाहिले.

सेन्सर खरेच सांगत होता. माल्टच्या थरातून वर्ट खाली येताना दाब खर्च होतो आणि तो खर्च आज पाण्याच्या ५ सेंटिमीटरइतका होता. तळाखालच्या नळीला पाण्याची उंची वजा हा खर्च एवढेच दिसते, म्हणून नियंत्रक ती तूट भरून काढण्यासाठी पाणी ओतत राहिला. नुसत्या पाण्यावरच्या चाचणीत थरच नव्हता, त्यामुळे तेथे हे कळणे शक्य नव्हते. उरलेली निथळणी हातानेच पूर्ण केली.

२६ फेब्रुवारी

काल एक नुकसानही झाले. खेप संपल्यावर नळी भांड्यात असतानाच हवेचा पंप बंद केला. नियंत्रकाची पेटी भांड्याच्या काठापेक्षा खाली होती, थंडावणाऱ्या हवेने वर्ट वर ओढले, काठ ओलांडून ते पेटीत उतरले आणि सेन्सर निकामी झाला. हा सेन्सर कोरड्या हवेसाठीच आहे. नवा सेन्सर काठापेक्षा ३० सेंटिमीटर वर बसवला असून नळी तेथून सलग उताराने भांड्याकडे येते. हवा आधी सुरू करायची मगच नळी बुडवायची, आणि नळी बाहेर आल्यावरच हवा बंद करायची, हा क्रम आता पक्का आहे.

११ मार्च

२५ फेब्रुवारीची अडचण हेच आता सर्वांत उपयोगी माप ठरत आहे. ऑंरी दार्सी या अभियंत्याने १८५६ साली दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्यावरील अहवालात वाळूच्या थरातून जाणाऱ्या पाण्याचा नियम मांडला : प्रवाह हा दाबाच्या फरकाच्या प्रमाणात वाढतो आणि थराच्या जाडीच्या प्रमाणात घटतो. माल्टचा थर हीसुद्धा गाळणीच आहे. त्यातून ठरलेला प्रवाह जात असताना दाबाचा फरक वाढला, तर थर दबू लागला आहे एवढाच त्याचा अर्थ. द्रवाच्या चिकटपणाचाही यात वाटा असतो. पाण्याची श्यानता २० अंशांवर १ मिलिपास्कल-सेकंद आणि ७७ अंशांवर सुमारे ०.३७ असते. स्पार्जचे पाणी निवले की निथळणी रखडते, त्यामागे हे मोठे कारण आहे.

म्हणून आता दोन नळ्या आहेत. एक माल्टच्या पृष्ठभागाच्या किंचित वर, मोकळ्या पाण्यात, बारीक जाळीच्या टोपीत संपते आणि पातळी तीच सांगते. दुसरी तळाखाली आहे. या दोहोंमध्ये एक वेगळा सेन्सर दोन्ही तोंडांनी जोडला आहे. वर्टचा पंप बंद असताना त्याच्या मापातून दोन टोकांमधील उंचीचा भाग वजा करून शून्य ठरवायचे, त्यानंतर दिसते ते केवळ थराचे दडपण, पाण्याच्या सेंटिमीटरांत. ८ सेंटिमीटरपर्यंत वर्टचा पंप पूर्ण गतीने चालेल, ८ ते १२ मध्ये त्याचा वेळ प्रमाणात कमी होईल आणि १२ च्या पुढे तो दोन मिनिटे थांबून थराला सैल होऊ देईल.

१८ मार्च

कसोटी पाहण्यासाठी ४० टक्के गव्हाचे माल्ट घेतले. गव्हाला फोलपट नसते, त्यामुळे गाळणीचे जाळे विरळ होते आणि थर लवकर बसतो. दडपण ६ पासून सुरू झाले, विसाव्या मिनिटाला ९ झाले आणि पंपाचा वेळ आपोआप आखडू लागला. अडतिसाव्या मिनिटाला १२ ओलांडून पंप थांबला. दोन मिनिटांनी पुन्हा सुरू झाला तेव्हा दडपण १० होते, परंतु लवकरच ते परत १२ वर आले. तेव्हा मी हाताने दोन लिटर गरम पाणी तळाच्या तोटीतून वर सोडले. थर अंगभर हलल्याचे स्पष्ट दिसले, कडेने बारीक बुडबुडे आले आणि पुढे दडपण ७ वर टिकले. निथळणीला ८० मिनिटे लागली, पण ती तुंबली नाही, आणि वरचे पाणी या सगळ्या काळात साडेतीन ते साडेचार सेंटिमीटरांतच राहिले. तळातून पाणी देण्याचे काम अजून स्वयंचलित करणार नाही. थर हलवण्याचा निर्णय पाहूनच घ्यावा असे माझे मत झाले आहे.

१ एप्रिल

नेहमीच्या सातूच्या माल्टवर संपूर्ण खेप नियंत्रकावर केली. निथळणी ५२ मिनिटांत झाली आणि दडपण ५ च्या वर गेले नाही. शेवटच्या वर्टची घनता १.०१२ होती. ती १.०१० च्या खाली जाऊ दिली की फोलपटांतील तुरट अंश उतरू लागतो, म्हणून तो आकडा अजून मीच हायड्रोमीटरने पाहतो. उकळीच्या भांड्यात २६.२ किलोग्रॅम भरताच वर्टचा पंप थांबला. गार केलेल्या नमुन्याची घनता १.०४७ आली, म्हणजे २५ लिटरला थोडे वरच.

उकळी फुटताना फेस काठाशी आला, त्यासाठी वरच्या बाजूला बसवलेल्या फ्लोटने हीटर वेळेवर तोडला आणि उतू गेले नाही. मात्र फेस ओसरल्यावर फ्लोट चिकटून वरच राहिला होता, तो सैल करावा लागला. त्याच्या दांड्यावर हॉप्सचा (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा) चिकट थर होता. या जागी पुढच्या खेपेपूर्वी जाड दांड्याचा, मोठ्या फटीचा फ्लोट बसवायचा आहे. तिन्ही नळ्या धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यातून काढल्या, खाचा ब्रशने साफ केल्या आणि हवेचा पंप तासभर चालू ठेवून त्या आतून कोरड्या केल्या.